५६ एपीओ : लढाईच्या दिवसांतली आमची बौद्धवाडी

लढाईवर गेलेल्या माणसांबद्दल बरेच लिहिले गेले आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. पण त्यांच्या मागे जी घरे राहिली, त्या घरांत काय शिजत होते, रात्री कोण जागे होते, पोस्टमन दिसला की कोणाच्या पोटात गोळा येत होता, त्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. कोकणातल्या आमच्या कितीतरी वाड्यांतून माणसे पलटणीत गेली. म्हणून आम्ही भावंडांनी एकत्र बसून आठवते तेवढे लिहून काढायचे ठरवले. आम्ही म्हणजे एका घरातली पाच चुलत-सख्खी भावंडे. १९६५ साली आमच्यातला थोरला पाचवीत होता आणि धाकटी पहिलीत. १९७१ साली थोरला अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला बसलेला, आणि धाकटी सातवीत.

गाव दापोली तालुक्यातले. टेकडीवर चढले की हर्णै बंदराकडचा समुद्र दिसतो, एवढी खूण पुरे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या घरांबद्दल खाली लिहिले आहे, त्या घरांतली आजची मुले आमच्याशी नीट वागतात, त्यांना उगाच खाली बघायला लावायचे नाही.

दापोलीचा आणि पलटणीचा संबंध जुना. इंग्रजांच्या वेळी तिथे कॅम्प होता आणि पेन्शन घेतलेले पुष्कळ महार शिपाई त्याच्या आसपास राहत. सुभेदार रामजी सकपाळ काही वर्षे तिथे होते, बाबासाहेबांची पहिली शाळा दापोलीचीच. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही पलटणीतले पेन्शनर. पुढे सरकारने आमची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो नि वैद्य मरो! दुसऱ्या महायुद्धात पुन्हा दार उघडले. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि त्याच साली १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तेव्हाच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. आमचे आजोबा १९४२ च्या उन्हाळ्यात बेळगावला जाऊन भरती झाले.

एक पत्र, एक भारा लाकडे

त्या लढाईच्या आठवणी आमच्या नाहीत, आजीच्या आहेत. पण आजीने त्या इतक्या वेळा सांगितल्या की आमच्याच होऊन बसल्या आहेत.

१९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला. कोकणात भात पिकते खरे, पण वर्षभर पुरत नाही. आजी नाचणीत वरी, वरीत कुळीथ असे करत दिवस ढकलायची आणि पावसाळ्यात रानातले करांदे उकडून पोरांच्या पुढ्यात ठेवायची. घासलेट मिळायचे नाही, म्हणून उजेड असेतोवर जेवणे उरकायची. १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला, तांबे वाचवायला मध्ये भोक पाडलेला. मोठ्या माणसांना त्याची चीड होती, पण पोरांची चंगळ झाली. करगोट्यात ओवून ठेवला की हरवायची भीती नाही. आमच्या बापाच्या करगोट्यात असा एक पैसा होता, तो त्याने पुढे कितीतरी वर्षे मोडला नाही.

उपाशी राहण्याचे दुःख आजी असे हसत सांगायची. पत्राचे सांगताना मात्र हसत नसे.

वाडीत अक्षर येणारे एकटे आजोबा, आणि तेच पलटणीत. बाकीचे गडी मुंबईला गिरणीत. मग आजोबांचे पत्र आले की वाचायचे कोणी? आजी पत्र पदराच्या गाठीला बांधून वरच्या आळीत जायची आणि अंगणाच्या कडेला बसून राहायची. वाचणारा जेवून, पान खाऊन, डुलकी काढून सावकाश ओटीवर यायचा. पत्र हातात घ्यायचे नाही, ते पायरीवर ठेवायचे आणि मागे सरायचे. पुष्कळदा आधी काम व्हायचे. गोठा झाड, नाहीतर लाकडे फोड. ‘येक पत्र, येक भारा लाकडा,’ असा आजीचा हिशेब होता. आणि एवढे करून तो एकदाच वाचणार, तेही भराभरा. आजी कान देऊन पाठ करून घ्यायची आणि घरी येईपर्यंत वाटेत पुटपुटत यायची, मध्ये कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बाळंतपण जपून कर, दूध पी, असे नवऱ्याने लिहिलेले. ते ओटीवर बसलेल्या चार जणांसमोर एका परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकायचे. ‘तुमच्या आजाचा बोलना मी दुसऱ्याच्या आवाजात आयकला,’ असे म्हणून ती गप्प व्हायची.

१९४६ साली आजोबा सुटून आले. वाडीला वाटले, ट्रंकेत ब्लँकेट असतील, बूट असतील. तेही होते. पण सगळ्यांत वर, सदऱ्यात गुंडाळलेल्या दोन दगडी पाट्या होत्या. एक आमच्या बापासाठी, एक धाकट्या काकांसाठी. बाप चौथी होऊन मुंबईला गिरणीत लागला. काका सातवी पास झाले आणि आजोबांच्याच रेजिमेंटमध्ये भरती झाले. आमच्या बालपणातली लढाई ती काकांची.

१९६५ : वाचणारी पोरे

काका कुठे आहेत, हे आम्हाला कधीच कळत नसे. पत्रावर नंबर, नाव, पलटण आणि शेवटी ‘५६ एपीओ’. आम्ही शाळेतल्या नकाशावर ५६ एपीओ शोधायचो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत बोट फिरवले तरी सापडेना. शेवटी गुरुजींनी सांगितले की ते गाव नाही, फौजेच्या टपालाचा पत्ता आहे. शिपाई हलला तरी पत्ता हलत नाही. शिक्काही तसाच, ‘एफपीओ’ आणि नुसता आकडा. काकी म्हणाली, ‘म्हंजी मानूस खय हाय ता कोनाला कळू द्याचा नाय!’ तिला ते पटले नाही, पण समजले.

१९६५ च्या सप्टेंबरात लढाई जोरात होती. पहिल्या तारखेला छांबवर हल्ला झाला, सहा तारखेला आपले सैन्य लाहोरच्या बाजूला उतरले. आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री, त्यामुळे गावात प्रत्येकाला वाटे की लढाई आपल्याच जिल्ह्यातून चालली आहे. रेडिओ ग्रामपंचायतीत होता. आजोबा बाहेर पारावर बसून ऐकायचे आणि वाडीत येऊन सांगायचे. पण रेडिओ काकांचे नाव घेत नसे. ते नाव फक्त पत्रात.

आणि पत्र वाचायचे आम्ही. नुसत्या आमच्या घरचे नव्हे. त्या साली वाडीतले पाच जण फौजेत होते आणि मुंबईची पत्रे वेगळी. संध्याकाळी पंधरावीस बायका अंगणात बसायच्या आणि आमच्यातला एकजण चिमणीपाशी उभा राहून वाचायचा. ‘सप्रेम जयभीम. पत्रास कारण की, मी इकडे खुशाल असून तुमची खुशाली कळवावी.’ प्रत्येक पत्र खुशाल. तोफा धडाडत आहेत असे रेडिओ सांगतो आणि पत्र म्हणते खुशाल! तरी बायका ‘खुशाल’ हा शब्द दोनदा वाचायला लावत. दहा वर्षांच्या पोराला घराघरातले काय काय कळत असेल याचा विचार करा. कोणी सावकाराकडून किती उचलले, कोणाचे सासूशी पटत नाही, कोणी मुलगा झाला तर काय नाव ठेवायला सांगितले. आजोबांचा दंडक कडक होता. ज्या उंबऱ्यात वाचले, त्याच उंबऱ्यात ठेवायचे. एकदा मधल्याने दुसऱ्या घरचे काही विहिरीवर बोलून दाखवले, तर आजोबांनी त्याला महिनाभर पत्राला हात लावू दिला नाही. मारण्यापेक्षा ती शिक्षा मोठी होती.

लिहायचेही आम्हीच. ते वाचण्यापेक्षा अवघड.

‘लिव, म्हस आटली.’

आम्ही लिहायचो.

‘नको, म्हस आटली नको लिवूस. तिकडं त्याच्या जिवाला घोर लागंल. खोड ता.’

खोडायचे.

‘लिव, पोराला ताप व्हता, आता बरा हाय. नको, ताप पन खोड. नुसता बरा हाय लिव.’

भिंत पडली, खोड. भात वाहून गेले, खोड. शेवटी कागदावर उरायचे काय? आम्ही खुशाल, तुम्ही खुशाल. तिकडचा सेन्सॉर काय कापील ते कापो, इकडचा सेन्सॉर म्हणजे आमची आजी. खाडाखोड झालेला कागद पाठवायचा नाही, असाही तिचा हुकूम होता, कारण खोडलेले दिसले की माणूस त्याखाली काय आहे ते शोधतो. म्हणून पुन्हा कोऱ्या कागदावर उतरवून काढायचे. आमचे अक्षर गुरुजींनी नाही, आजीने वळवले.

दवंडीची गोष्ट याच दिवसांतली. किनारपट्टीला रात्री दिवे झाकून ठेवा, असा हुकूम तालुक्याहून आला. आता तो गावभर सांगायचा कोणी? पूर्वी दवंडी पिटायचे काम आमच्याकडे होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वाडीने गावकीची सगळी कामे सोडली होती आणि १९५८ च्या कायद्याने ती वतनेही रद्द झाली होती. तरी वरून निरोप आलाच, की देशाचे काम आहे, एवढ्या वेळेपुरता ढोल घ्या. वाडीत बैठक बसली. तरुण पोरे तापली. काही म्हातारे म्हणाले, लढाईच्या वेळी तेढ नको. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘देशाच्या कामाला माजा पोरगा गेलाय. ढोल वाजवायला कोनी जानार नाय. पन हुकूम गावाला कळला पायजे. कागद आमच्याकडं धाडा. आमची पोरा वाचतील.’

आणि तसेच झाले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही सहासात पोरे तो सरकारी कागद घेऊन घरोघर फिरलो. वरच्या आळीतसुद्धा. अंगणात उभे राहायचे, मोठ्याने वाचायचे, पुढच्या घरी जायचे. आजी ज्या अंगणाच्या कडेला बसायची, त्या अंगणात आमच्यातल्या थोरल्याने मधोमध उभे राहून वाचले. ओटीवरचा म्हातारा ऐकत होता. त्याने ‘पुन्हा वाच’ म्हटले. थोरल्याने पुन्हा वाचले, सावकाश. घरी येऊन आजीला सांगितले, तर तिने विचारले, ‘लाकडा नाय फोडलान ना त्यानं?’ आणि तोंडाला पदर लावून हसली. तिला तेवढे हसताना आम्ही फार वेळा पाहिले नाही.

दिवे झाकायचे म्हणजे काय, तर वाडीत वीज नव्हतीच. दहाबारा चिमण्या आणि तीन कंदील. कंदिलांच्या काचांना काळा कागद लावला. शाळेच्या मागे खंदक खणला, त्यात पावसाचे पाणी साचून बेडूक झाले. पुढे शास्त्रीजींनी सांगितले की आठवड्यातून एक वेळ, सोमवारी संध्याकाळी जेवू नका. जय जवान, जय किसान! शाळेतही सांगितले. आम्ही घरी येऊन आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘त्यांना सांग, आमी भादव्यापासनच चालू केलाय.’ त्या साली देशभर पाऊस कमी झाला होता आणि रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो यायचा. जनावरांचे खाणे म्हणून वरच्या आळीत नाके मुरडत. आमच्याकडे भाकरी थापली जात होती. चव सांगण्यासारखी नव्हती.

२३ सप्टेंबरला लढाई थांबली. त्यानंतर आठदहा दिवसांनी वाडीत तार आली.

तार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. २०१३ च्या जुलैत तारखाते बंद झाले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. आमच्या लहानपणी तार म्हणजे मरण. पोस्टमन वाडीच्या तोंडाशी उभा राहिला आणि ‘तार’ एवढेच म्हणाला. काकीने हातातली घागर टाकली. बायकांनी रडायला सुरुवात केली. थोरल्याने कागद उघडला, तर आत इंग्रजी. त्याला त्याच साली शाळेत एबीसीडी लागली होती. त्याने काकांचे नाव ओळखले, पुढचे काही लागेना. पोस्टमनला तर तेवढेही येत नव्हते. मग थोरला तार मुठीत धरून शाळेकडे पळाला. दोन मैल. गुरुजी घरी गेले होते, तिथे पळाला. इकडे वाडीत काकीच्या हातातल्या बांगड्यांकडे म्हाताऱ्या बघू लागल्या होत्या.

तारेत होते : रजा मंजूर, रविवारी पोचतो.

थोरला ओरडतच परत आला. रविवारी काका आले तेव्हा काकी त्यांच्याशी बोललीच नाही. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘परत तार करशाल तर बगा.’ त्यांनी आयुष्यात पुन्हा तार केली नाही.

१९७१ : ९९ एपीओ

पुढच्या लढाईपर्यंत आम्ही वाढलो होतो आणि वाडीही थोडी वाढली होती. काकांनी एका रजेत ट्रान्झिस्टर आणला. लायसन काढावे लागायचे, ते काढले. शेजारच्या पडवीत ग्रामशिक्षण मोहिमेचा वर्ग चालून गेला होता. साताऱ्याकडे १९५९ साली सुरू झालेली ती मोहीम फिरत फिरत आमच्याकडे आली. काकी चार दिवस गेली आणि लावणीच्या घाईत सुटले. मनीऑर्डरीवर तिचा अंगठाच राहिला.

त्या साली पावसाळ्यानंतर काकांचा पत्ता बदलला. ५६ जाऊन ९९ एपीओ आले. आता आम्ही लहान नव्हतो. ९९ म्हणजे पूर्वेकडचे टपाल, हे आम्हाला कळत होते. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत असल्याचे रोज रेडिओवर होते. नोव्हेंबरच्या १५ तारखेपासून पाकिटाला निर्वासितांसाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागू लागले. आजी कुरकुरली नाही. म्हणाली, ‘ज्याचा घर गेला त्याला पाच पैसं.’ काकीला आम्ही पूर्वेचे काही सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि लढाई पेटली. पुन्हा काळे कागद, पुन्हा अंधार. नुकतीच पौर्णिमा होऊन गेलेली. चिमण्या झाकल्या, पण वाडीवर असे लख्ख चांदणे की अंगणातली सुई दिसावी. चांदण्याला कोण हुकूम करणार? टेकडीवरून समुद्र चकाकताना दिसायचा. रात्री ट्रान्झिस्टरभोवती सगळी वाडी जमायची, आणि बॅटरी संपू नये म्हणून बातम्या झाल्या की लगेच बंद. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून वरच्या आळीतली माणसेही येऊ लागली. आधी गडग्यापाशी उभी राहत, मग अंगणात. आमचे पाणी कोणी घेत नव्हते, पण आमच्या बातम्या घेत होते. नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याचे त्या अंगणात सगळ्यांनी मिळून ऐकले. ‘खुकरी’ बुडाल्याचेही तिथेच. ९ तारखेच्या रात्री दीवजवळ ती बोट गेली आणि कॅप्टन मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दर्याकाठची माणसे आम्ही. बोट बुडणे म्हणजे काय, ते कोणाला समजावून सांगावे लागले नाही. त्या रात्री बातम्या संपल्यावर लोक बराच वेळ उठले नाहीत.

१६ डिसेंबरला ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने शस्त्रे ठेवली. सुमारे ९३ हजार माणसे कैद झाली. गावाने फटाके उडवले, गूळ वाटला. आमच्या दारातही गूळ आला. आजोबांनी तोंडात टाकला. काकीने हातात धरून ठेवला. काकांचे शेवटचे पत्र नोव्हेंबरातले होते.

पत्र आले डिसेंबर संपता संपता. शनिवार होता, शाळा सकाळची, आम्ही घरी होतो. थोरल्याने वरचा पत्ता पाहिला आणि त्याचा हात थांबला. अक्षर काकांचे नव्हते. काकांचा ‘द’ पोटाशी फुगलेला असायचा. हे बारीक, उजवीकडे झुकलेले अक्षर. त्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही त्याच्याकडे. पत्र उघडायच्या आधीच आमच्या नजरानजरेत ठरले की आधी आपण वाचायचे, मग काय सांगायचे ते बघू. इतकी वर्षे बायकांनी आमच्याकडून ताप खोडून घेतला, म्हैस खोडून घेतली. आता आमची पाळी.

काकी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, ‘अक्षर त्यांचा न्हवं.’

आम्ही थिजलो. तिला क काढता येत नव्हता. पण सोळा वर्षे ती नवऱ्याची पत्रे हातात घेऊन बसत होती, दिव्याला धरत होती, उशाला ठेवत होती. वाचता येत नसले तरी चेहरा ओळखावा तसे तिने ते ओळखले. तिने हात पुसले, येऊन आमच्यासमोर बसली आणि म्हणाली, ‘सगला वाच. काय खोडू नको.’

थोरल्याने सगळे वाचले. उजव्या हाताला तोफगोळ्याचा तुकडा लागला होता. अंगठा आणि दोन बोटे गेली होती. बाकी शरीर शाबूत, आधी तिकडच्या इस्पितळात होते, आता पुण्याच्या लष्करी इस्पितळात आणले आहे. काळजी करू नये. म्हाताऱ्यांना जपून सांगावे. आणि शेवटी, नेहमीसारखेच, मी इकडे खुशाल आहे.

बातमी गावात गेली. संध्याकाळी पोलीस पाटील स्वतः वाडीत आले आणि आमच्या ओटीवर घोंगडीवर बसले. चहा पुढे केला. त्यांनी कप हातात घेतला, बोलता बोलता बराच वेळ धरून ठेवला, आणि मग आजोबांच्या पुढे सारला. ‘आत्ताच घेऊन आलो,’ म्हणाले. आजोबांनी तो शांतपणे पिऊन टाकला.

आजोबा आणि काकी एसटीने पुण्याला गेले. काकीने तोवर दापोलीपलीकडचे जग पाहिले नव्हते. पुण्यातली मोठी नवलाई तिला वाटली ती इस्पितळाची. दहा-बारा जातींची, सगळ्या मुलखांची माणसे एका रांगेत पडलेली, एकाच भांड्यातले खाणारी, आणि कोणी कोणाला काही विचारत नव्हते. ती महिनाभर तिथेच एका ओळखीच्या घरी राहिली. काका डाव्या हाताने लिहायला शिकत होते. रोज दुपारी ती जाऊन बसायची. त्यांच्या समोर पाटी आणि तिच्या समोरही पाटी, कारण काकांचे म्हणणे असे की एकट्याने बिगरीत बसायला लाज वाटते.

फेब्रुवारीत त्यांचे पहिले डाव्या हाताचे पत्र आले. अक्षरे कोंबडीच्या पायांसारखी. तळाशी दुसऱ्या, त्याहून वाईट अक्षरात तीनच शब्द होते. ‘म्हस कशी हाय.’

ही सगळी पत्रे आजोबांच्या त्याच ट्रंकेत आहेत. आजोबा, आजी, काका गेले. काकीही गेली. तिने पेन्शनच्या कागदावर शेवटपर्यंत सही केली, अंगठा लावला नाही. ट्रंक आता आमच्यातल्या धाकटीकडे आहे. दोनतीन वर्षांपूर्वी आम्ही सगळी पत्रे उन्हात वाळत घातली तेव्हा ते परक्या अक्षरातले पत्र पुन्हा वाचले. खाली काकांच्या नावाखाली एक ओळ आहे. ‘लिहिणार, शेजारच्या खाटेवरचा.’ नाव नाही. काकांना पुढे पुष्कळदा विचारले होते. औषधाच्या गुंगीत त्यांना नाव राहिले नव्हते. एवढेच आठवत होते की तो विदर्भाकडचा होता, त्याचा पाय गेला होता, आणि कृत्रिम पायासाठी त्याला पुण्यातल्याच दुसऱ्या इस्पितळात हलवले तेव्हा जाताना त्याने जयभीम केला होता.